बिनचेहऱ्याची जोडी

वैशाली काचेतल्या पुतळ्यांना साडी नेसवत असली की तिच्याशी कुणी बोलायला जात नसे, कारण तिच्या ओठांत टाचण्या असत. निऱ्यांना एक, पदराला दोन, खांद्यावर एक, आणि उरलेल्या तोंडातच. ठाण्याला नौपाड्यातल्या त्या साडीच्या दुकानात बावीस वर्षं तिनं अशी तोंड मिटून काढली होती. दुकानातली शकू तिला गमतीनं विचारायची, नवऱ्याशी भांडायचं असलं की आधी टाचण्या काढून ठेवतेस का गं? त्या दिवशी, गौरी यायच्या आदल्या दुपारी, दुकानात नव्या पुतळ्या आल्या. जुन्यांना चेहरे होते. गाल गुलाबी, ओठ लालभडक, पापण्यांचे केस अर्धेअधिक गळलेले, एकीचं नाक तर तीनदा चिकटवलेलं. नव्यांना चेहराच नव्हता. मानेवर नुसतं एक गुळगुळीत पांढरं अंडं. "मॉलमध्ये आता सगळीकडे हेच चालतं," शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक चेहऱ्यात अडकत नाही, सीधा साडीकडे बघतं." शेठचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असे आणि त्यामुळेच वैशालीला त्यांचा राग येई. तिनं दोघींना काचेत उभं केलं, एकीला मोरपंखी आणि दुसरीला जांभळी नेसवली, आणि लांबून कसं दिसतं ते बघायला नेहमीसारखी फुटपाथवर गेली. ऊन तिरपं होतं. काचेत तिचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं होतं ते नेमकं जांभळ्या साडीवालीच्या अंड्यावर जाऊन बसलं. क्षणभर पुतळीला डोळे आले, नाक आलं, किंचित उघडं राहिलेलं तोंड आलं. पण तो चेहरा वैशालीचा नव्हता. तो आईचा होता. चार वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या घरात फरशीवर ठेवलं होतं तेव्हाचा. वैशालीचे ओठ आवळले गेले आणि एक टाचणी आत घुसली. रक्ताची खारट चव जिभेवर आली तेव्हा कुठे तिनं बाकीच्या टाचण्या हातात काढून घेतल्या.

"काय गो, भूत बगलंस काय?" शकूनं आतून विचारलं. शकू दिवा स्टेशनकडच्या गावातली, तिला भुतांची फार भीती वाटत नसे, नळाला पाणी न येण्याची वाटे. "ऊन लागलं," वैशाली म्हणाली. शकूनं आपली बाटली पुढे केली. मागच्या खोलीत जुन्या पुतळ्या आडव्यातिडव्या टाकल्या होत्या, कपड्यांशिवाय, छताकडे बघत. त्यांच्याकडे वैशालीला बघवेना. उद्याची सुट्टी तिनं मागून ठेवलीच होती, तरी आज तासभर आधी निघते म्हणाली. शेठ सणाच्या गर्दीचं काहीतरी बोलले. तिनं ते ऐकून घेतलं आणि निघाली.

रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे एक जुनं चित्र येत राहिलं. डोंबिवलीत सीताराम सरांचा चित्रकलेचा क्लास होता, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. सरांकडे एक पुठ्ठ्याची फाइल होती, परदेशी कॅलेंडरांतून कापलेल्या चित्रांची. त्यातलं एक कुणा इटालियन चित्रकाराचं. त्याचं नाव ती कधीच विसरून गेली होती, चित्र मात्र विसरता आलं नव्हतं. मोठं रिकामं पटांगण, दोन बाजूंना कमानींचे व्हरांडे, आणि मधोमध दोन बाहुल्या. शिंप्याकडे असतात तशा, भुसा भरून शिवलेल्या, डोक्याच्या जागी अंडी. मागे अगदी लहानशी आगगाडी. आणि उजवीकडून पटांगणात शिरलेली एक लांबच लांब सावली, जिचा मालक चित्रात कुठेच नव्हता. क्लासमधल्या मुली हसल्या होत्या. वैशालीनं विचारलं होतं, सर, यांना तोंड का नाही? सर म्हणाले, "चेहरा असला की आपण ओळख दाखवतो आणि पुढे जातो. नसला की थांबावं लागतं." मग ही सावली कुणाची? सरांनी हाताचा खडू झटकला. "जो अजून यायचाय त्याची." एकोणीस वर्षांच्या मुलीला असलं काही सांगू नये. पुढे कित्येक महिने तिच्या स्वप्नात ते पटांगण येई, आणि ते असे डोंबिवली स्टेशनबाहेरचं, भर दुपारचं, एकही रिक्षा नसलेलं. रिक्षा नसलेलं डोंबिवली स्टेशन हेच मुळात घाबरण्यासारखं. त्यात ती उभी असे आणि हाक मारायला तोंड उघडायला गेलं की तोंडाच्या जागी हाताला नुसतं गुळगुळीत लागे. पुढच्या वर्षी वडील गेले, चित्रकलेचा डिप्लोमा राहिला, आणि ओळखीतून तिला या दुकानात पुतळ्यांना साड्या नेसवायचं काम मिळालं. तिला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं.

तरी चेहऱ्यांशी तिचं नातं सुटलं नव्हतं, कारण घरात गौरी होत्या. माहेर मूळचं फलटणकडचं, त्यामुळे उभ्या गौरी. पत्र्याच्या दोन स्टँडना साड्या नेसवायच्या आणि वर शाडूचे मुखवटे बसवायचे, थोरली आणि धाकटी. वर्षभर माळ्यावरच्या डब्यात राहून मुखवट्यांचे डोळे फिके पडत, ते दरवर्षी वैशाली नव्यानं रंगवी. धाकटी बहीण कल्पिता रंगाची वाटी धरून बसे. बुबुळात शेवटचा पांढरा ठिपका द्यायची वेळ आली की कल्पिता श्वास रोखून धरी आणि ठिपका पडला की हळूच म्हणे, "बघायला लागली, ताई." तेवढ्यासाठी वैशालीनं सगळा डिप्लोमा ओवाळून टाकला असता. आईला मुलगा नव्हता. आजारपण वाढलं तसं तिनं एक दिवस दोघींना बोलावलं आणि थोरलीचा मुखवटा वैशालीला, धाकटीचा कल्पिताला देऊन टाकला, बांगड्या वाटून द्याव्यात तसा. आत्या तिथंच होती, ती कडाडली, "अगं, जोडी फोडतात का कुणी गौरींची?" आई म्हणाली, "एकीला दिली तर माळ्यावर पडतील. फोडली म्हणजे दरवर्षी एकीला दुसरीच्या दारात जावं लागेल." आईचा हिशेब तिच्या बाजूनं अगदी बरोबर होता. अकरा दिवसांनी ती गेली, आणि त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींच्या दारात गेल्याच नाहीत.

मे महिना होता. आई सकाळी सहाला गेली. कल्पिता सासरच्या गावी, जुन्नरच्याही पुढे. फोनवर ती नीट रडलीसुद्धा नाही, एवढंच म्हणाली, "मी निघालेय. थांबा." वैशाली म्हणाली, थांबतो आम्ही. बायकांनी आईला अंघोळ घातली, आणि साडी नेसवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी वैशालीकडे बघितलं, कारण ते तिचंच काम. आईची आवडती जांभळी इरकल. वैशालीनं निऱ्या घातल्या, पदर काढला, पदराच्या घड्या एकावर एक जुळवल्या, आणि ओठांतून एक सेफ्टी पिन काढून खांद्यावर लावली. मग मान किंचित डावीकडे वळवली, पदर नीट दिसावा म्हणून. मग दोन पावलं मागे होऊन कसं दिसतं ते बघितलं. तेव्हा तिला कळलं आपण काय करतोय. आणि तेव्हाच तिनं आईच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा बघितलं. तिथं कुणी नव्हतं. डोळे, नाक, हनुवटीवरचा तीळ, सगळं जागच्या जागी, आणि आत कुणी नाही. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओठांत अजून दोन पिना होत्या. कल्पिताची गाडी घाटात अडकल्याचा फोन बाराला आला. एक वाजता महिपतमामा म्हणाले, उन्हाळा आहे, काय करायचं वैशाली, तू सांग. सगळे थांबायला तयार होते. बर्फाची लादी यायची होती. शेजारच्यांनी पंखा आणून दिला होता. वैशाली म्हणाली, "नेऊ या." कल्पिता चारला पोचली तेव्हा पुरुषमंडळी स्मशानातून परतून दारात पाय धुत होती. तिनं बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "तू मला आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस." वैशालीनं उन्हाचं कारण सांगितलं, मामांचं सांगितलं, बर्फ आलाच नाही म्हणून सांगितलं. त्यातलं शेवटचं तर साफ खोटं होतं. बर्फ आला होता, सगळे निघाल्यावर, आणि जिन्यात वितळत पडला होता. कल्पिता त्याच पाण्यातून वर चढून आली होती.

आता घरी टेबलावर थोरलीचा मुखवटा होता आणि वैशाली त्याचे डोळे रंगवत होती. पहिलं वर्ष सुतकाचं म्हणून सण झाला नाही, त्यानंतर हे चौथं. दरवर्षी ती दोन्ही स्टँड उभे करी. एकावर थोरली, आणि दुसरं तसंच, वर पदर ओढून घेतलेलं, आत काही नसलेलं. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या की त्या पदराकडे बघून न बघितल्यासारखं करत. नवरा सुशांत कोकणातला. त्यानं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे खड्यांची गौर. पाच खडे आणले की झालं, तोंडाची भानगडच नाही." तो मनानं वाईट नव्हता, फक्त त्याला कशाचं काही वाटत नसे. मुलगी सान्वी सोळा वर्षांची. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, मावशीला एक सॉरी टाक ना. किती वेळ लागतो?"

"कशाबद्दल ते पण लिहायला लागतं ना," वैशाली म्हणाली.

सान्वीनं मान वर काढली. "मग लिही."

इतकं सोपं असतं तर चार वर्षं लागली नसती. उन्हाच्या आणि मामांच्या आड वैशाली सुरक्षित होती. कल्पिता रागावली होती, पण ती घाई करणाऱ्या बहिणीवर रागावली होती. आईच्या तोंडाकडे बघवेना म्हणून आईलाच घराबाहेर काढणारी बहीण अजून तिला माहीतच नव्हती. ते सांगितलं तर आहे तेवढंही तुटेल, कायमचं. आणि नाही सांगितलं तर? नव्या पुतळ्या काही परत जाणार नव्हत्या. परवापासून रोज काचेसमोर उभं राहायचं होतं, रोज त्या अंड्यावर कुणीतरी येऊन बसणार होतं. वैशालीनं थोरलीच्या उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका दिला. डावा तसाच राहिला. श्वास रोखून धरणारं शेजारी कुणी नव्हतं आणि तिच्यानं तो दिला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मुखवटा जुन्या ओढणीत गुंडाळला, साडीच्या खोक्यात ठेवला, पर्समध्ये ब्रश आणि रंगाच्या दोन बाटल्या टाकल्या, आणि टिटवाळा गाडी पकडली. डब्यात बसायला जागा होती, तरी ती दारापाशीच उभी राहिली. कल्याणला उतरून परत फिरावं असं वाटलं. शहाडला पुन्हा वाटलं. आंबिवलीला मात्र उतरावंच लागलं, कारण पुढे टिटवाळा, आणि टिटवाळ्याच्या गणपतीला सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. कल्पिता बंद पडलेल्या कारखान्याच्या मागच्या बैठ्या चाळीत राहायची. स्टेशनपासून पंधरा मिनिटं. ज्याच्या त्याच्या घरी गौरी यायच्या होत्या, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन पिवळंधमक पडलं होतं. वैशाली कारखान्याच्या फाटकापाशी आली आणि थांबली. आत मोठं रिकामं आवार. दोन्ही बाजूंना जुन्या ऑफिसांचे कमानींचे व्हरांडे, एकाही कमानीखाली माणूस नाही. फाटकावरच्या घड्याळात पावणेदोन वाजलेले, कित्येक वर्षांचे. उंच चिमणी, तिची सावली सगळं आवार ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढलेली. लांब मागे कसाऱ्याकडे जाणारी गाडी वाजली आणि चिमणीच्या बाजूनं ती लहानशी सरकताना दिसली. वैशाली फाटकाचा गज धरून उभी राहिली. हे आवार तिनं बघितलं होतं. फाइलमध्ये बघितलं होतं, स्वप्नात बघितलं होतं. फक्त मधल्या दोघी इथं नव्हत्या. तिनं स्वतःच्या तोंडाला हात लावून बघितला. काल टाचणी लागली होती तिथं ओठ सुजला होता, दुखला, आणि त्या दुखण्यानं तिला जरा धीर आला. ती पुढे चालायला लागली.

कल्पिताचं दार उघडं होतं. समोरच्याच भिंतीशी दोन स्टँड उभे होते. दोघींना साड्या नेसवलेल्या, एक हिरवी, एक पिवळी, निऱ्या अगदीच कल्पिताला यायच्या तशा, एक जाड एक बारीक. आणि दोघींच्याही मानेवर काही नव्हतं. वैशाली उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आपल्या घरी निदान एकीला तरी तोंड असतं, एवढंच तिच्या मनात आलं.

कल्पिता आतून हात पुसत आली. ताईला बघून तिचा हात पदरातच राहिला. केस बरेच पांढरे झाले होते. "ये," ती म्हणाली. आवाजात ना राग होता ना काही. "आमचे हे कामावर गेलेले आहेत. बस. पाणी आणते."

वैशाली आत जाऊन बसली, खोकं मांडीवर. धाकटीचा मुखवटा पाटावर आडवा ठेवला होता. त्याचे डोळे इतके पुसट झाले होते की बुबुळं शोधावी लागत होती. "रंगवले नाहीस?"

"मला कुठे येतं? तू रंगवतेस ना ते."

"मुहूर्त तीनपर्यंत होता. बसवली नाहीस अजून?"

"थोरलीच्या आधी धाकटी आत कशी आणू?" कल्पिता म्हणाली. "दरवर्षी संध्याकाळपर्यंत बघते. मग दिवेलागणीला देवीची माफी मागते आणि हिला एकटीला बसवते." ती पाण्याचा तांब्या ठेवून समोर बसली. "तू कशाला आलीस?"

ओठांत टाचण्या नव्हत्या. तरी वैशालीला तोंड उघडायला वेळ लागला. "बर्फ आलेला," ती म्हणाली. "त्या दिवशी. बर्फ आला नाही म्हटलं ते खोटं. मामांनी पण काही घाई केली नाही. मीच म्हटलं नेऊ या."

कल्पितानं तांब्या बाजूला सरकवला.

"मला बघवेना गं. मी साडी नेसवली, पिन लावली, मान वळवली. दुकानात करते तसं सगळं केलं. मागे होऊन बघितलं पण, कसं दिसतं ते. आईला! आणि मग तोंडाकडे बघितलं तर तिथं कुणीच नव्हतं. मला तिच्याजवळ एक मिनिट थांबवेना. तू वाटेत होतीस, मला माहीत होतं, तू थांबा म्हणालेलीस, आणि मी थांबले नाही. उन्हासाठी नाही. माझ्यासाठी." सांगता सांगता ती रडायला लागली आणि तिला लाज वाटली नाही.

बाहेरून कुणाच्या तरी घरातली झांज ऐकू आली. कल्पितानं आपला तळहात पदराला पुसला. मग म्हणाली, "म्हणजे मी वेळेवर पोचले असते तरी मला आई दिसली नसती."

"नसती."

"चार वर्षं मला वाटतंय तू बघितलीस आणि मला बघू दिली नाहीस. काहीतरी होतं तिच्या तोंडावर, माझ्यासाठी काहीतरी, आणि ते एकट्या तुला मिळालं." तिनं मान वर केली. "काही नव्हतंच होय?"

"काही नव्हतं."

"मग दोघींनी मिळून बघितलं असतं ना, ताई! एकटीनं कशाला बघितलंस?"

असं कुणी विचारेल हेच वैशालीच्या कधी मनात आलं नव्हतं. तिनं खोक्याचं झाकण काढलं, ओढणी सोडली आणि थोरलीचा मुखवटा वर काढला. कल्पितानं बघितलं, वाकून अजून जवळून बघितलं. "डाव्या डोळ्यात ठिपका नाही."

"राहिलाय."

कल्पिता एकदम उठली. "बाहेर जा," ती म्हणाली.

वैशालीला आधी कळलंच नाही. "काय?"

"बाहेर जा म्हटलं ना. घेऊन जा हिला."

तर हे असं होणार होतं. वैशालीनं मुखवटा छातीशी धरला आणि उठली. उंबरा ओलांडून ती बाहेर आली, चपला शोधायला लागली. कारखान्याच्या चिमणीमागे ऊन उतरलं होतं आणि सगळं आवार रिकामं पडलं होतं. एवढ्या मोकळ्या जागेतून आता एकटीनं चालत जायचं या कल्पनेनं तिला धडकी भरली. एक चप्पल पायात सरकवली तोच आत भांड्यांचा आवाज झाला. तिनं वळून बघितलं. कल्पिता ताटात हळदकुंकू, निरांजन आणि रंगासाठी एक लहान वाटी घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होती. नाक लाल झालं होतं.

"अगं, चप्पल काय घालतेस? अशी खोक्यातून आणतात का गौर? आईनं एवढंही शिकवलं नाही? उंबऱ्यातून यायला लागते ती."

वैशालीनं चप्पल काढली. ती दाराकडे वळली तेव्हा ऊन तिच्या पाठीशी आलं, आणि तिची सावली तिच्याआधी उंबरा ओलांडून आत गेली. लांबच लांब, लहानशा खोलीभर, थेट त्या बिनचेहऱ्याच्या दोघींच्या पायांपर्यंत. वैशाली त्या सावलीकडे बघत राहिली. तिला ती ओळखीची वाटली.

"कोण आलंय?" कल्पितानं आतून विचारलं. आई विचारायची त्याच सुरात, थोडं दटावून.

याचं उत्तर वैशालीला लहानपणापासून पाठ होतं. "गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या, असं म्हणायचं असतं. वैशालीच्या ओठांवर ते आलंही. पण मुखवट्याचा एक डोळा तिच्याकडे बघत होता आणि एक अजून बघायला लागला नव्हता, आणि आज तिला खोटं काही बोलायचं नव्हतं.

"उशिरा आली गं," ती म्हणाली. "फार उशिरा आली."

कल्पितानं निरांजनावर हात धरला, वारा लागू नये म्हणून.

"येऊ दे," ती म्हणाली. "मी थांबलेय."